आईचं बी-१२ फक्त १२६ निघालंय, विसरणं त्यामुळेच असेल का?

रानजाई (कर्वेनगर)

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

आई ७१ वर्षांची. महापालिकेच्या शाळेत ३२ वर्षं गणित शिकवलं तिने. सोसायटीत कुणाला तिथी, प्रदोष, चतुर्थीचा चंद्रोदय काहीही विचारायचं असलं की कॅलेंडर उघडायच्या आधी आईला फोन येतो. मागच्या गणपतीत पहिली आरती झाली आणि पुढची कोणती ते तिला आठवेना, ताम्हन हातात धरून तशीच उभी राहिली. आम्हाला वाटलं दमली असेल, तीन दिवस पाहुणे होते घरात. मग दिवाळीनंतर भाजीवाल्या मावशींनी मला थांबवून ५० रुपये परत दिले, म्हणाल्या ताई, बाईंनी सकाळीच पैसे दिलेले, संध्याकाळी परत येऊन देऊन गेल्या. आमटीत मीठ दोनदा पडणं वगैरे चालूच होतं पण ते आपल्याकडूनही होतं. मला खरा धक्का बसला तो मागच्या महिन्यात, एका संध्याकाळी तिने मला तीन वेळा विचारलं, आज तिथी कोणती गं?

दादाचं म्हणणं वय झालं की होतंच. मावशीच्या सुनेने आग्रह केला म्हणून बी-१२ केलं तर १२६ आलं, रिपोर्टवर रेंज २११ पासून पुढे आहे. डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिलीत, एक दिवसाआड, कालच पहिलं झालं. ते म्हणाले कारण सापडलं, आता सुधारतील. घरात सगळ्यांना एकदम हायसं वाटलं, दादा तर म्हणाला बघ, उगाच घाबरत होतीस. पण मला अजून झोप लागत नाहीये.

बाकी माहिती: मधुमेह १४ वर्षं, मेटफॉर्मिन चालू. पित्ताची गोळी रोज सकाळी, तीही सहा-सात वर्षं. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. दूध पचत नाही म्हणून सोडलं, चहातलं जाईल तेवढंच. पायाला मुंग्या येतात, त्या आम्ही शुगरच्या खात्यात टाकल्या होत्या. कानाने थोडं कमी ऐकू येतं.

विचारायचं हे की इंजेक्शनांनी स्मरणशक्ती खरंच परत येते का, किती दिवसांत, आणि अजून कुणाला दाखवायची गरज आहे का?

पर्वतीकर

ताई, काळजी करू नका. माझ्या सासऱ्यांचं हेच झालं होतं. ७६ वय, बी-१२ ९० च्या आत, चालताना तोल जायचा, अंधारात तर भिंत धरूनच चालायचे, पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं म्हणायचे, आणि बोलता बोलता विषयच हरवायचा. नातवाला मुलाच्या नावाने हाक मारायचे. इंजेक्शनं सुरू झाल्यावर दीड महिन्यात मुंग्या कमी झाल्या आणि चौथ्या महिन्यात स्वतःहून म्हणाले, चला पर्वतीवर. सगळ्या पायऱ्या चढले, मध्ये दोनदा बसले फक्त. आज ८० चे आहेत, बँकेची पासबुकं स्वतः भरून आणतात. तुमच्या आईपण येतील पूर्वपदावर.

टेस्टट्यूब

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे रिपोर्टपुरतं बोलतो, औषधाचं डॉक्टरांना विचारा.

एक, आता इंजेक्शन सुरू झालंय तर बी-१२ पुन्हा लगेच करू नका. आकडा हजाराच्या वर जाईल आणि लोक खूश होतात, पण तो रक्तातला आकडा आहे, पेशीत किती पोचलं ते त्यातून कळत नाही.

दोन, एकच इंजेक्शन झालंय तर आजच होमोसिस्टीन करून घ्या. होमोसिस्टीन म्हणजे शरीरातच तयार होणारं एक अमिनो आम्ल, बी-१२ कमी पडलं की ते रक्तात साचतं, साधारण १५ च्या आत असायला हवं. इंजेक्शनांनी ते आठवड्याभरात खाली येतं म्हणून उशीर नको. उपाशीपोटी जा आणि सॅम्पल तिथल्या तिथे लगेच फिरवून सिरम वेगळं काढतात का ते विचारा. ट्यूब तासन्‌तास तशीच राहिली की लाल पेशींमधून होमोसिस्टीन बाहेर येत राहतं आणि रिपोर्ट खोटा जास्त येतो. घरी येऊन रक्त नेतात तेव्हा हे हमखास होतं, उन्हात दुचाकीवर फिरत असते ती ट्यूब.

तीन, किडनी आणि थायरॉईडचं काही असलं तरी होमोसिस्टीन वाढतं, म्हणून क्रिएटिनीन आणि टीएसएच सोबत करा. लाल पेशींचा आकार म्हणजे एमसीव्ही नॉर्मल आहे म्हणून बी-१२ ठीक असं समजू नका. आपल्याकडे लोह पण कमी असतं, लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या, दोन्ही असलं की सरासरी नॉर्मल दिसते. रोज बघतो मी हे.

रानजाई (कर्वेनगर)

टेस्टट्यूब, खूप आभार. उद्या सकाळीच लॅबमध्ये घेऊन जाते तिला, घरी बोलवत नाही.

निशिगंध

रानजाई, मी लिहू की नको असा विचार दोन दिवस करत होते. पर्वतीकरांच्या सासऱ्यांचं वाचून खरंच बरं वाटलं, पण आमच्याकडे वेगळं झालं आणि ते तुम्हाला माहीत असायला हवं.

साबांचं (सासूबाईंचं) बी-१२ १८८ निघालं होतं. आमच्या डॉक्टरांनी पण हेच म्हटलं, कारण सापडलं. इंजेक्शनांचा कोर्स झाला, मग महिन्याला एक. सुरुवातीला उत्साह वाढला, भूक लागायला लागली, आम्हाला वाटलं झालं. त्यानंतर काहीही विसरल्या की घरात एकच वाक्य, अगं बी-१२ चालू आहे ना, वेळ लागतो. गॅस चालू राहिला, वेळ लागतो. लेकीचा साखरपुडा कधी झाला ते आठवेना, वेळ लागतो. असं आम्ही दीड वर्ष काढलं. मग एक दिवस त्या मंडईत गेल्या, जिथे चाळीस वर्षं जातायत, आणि परतीचा रस्ता सापडेना. एका फुलवाल्याने बसवून ठेवलं, चहा दिला, पिशवीतल्या डायरीतून आमचा नंबर काढून फोन केला. मी पोचले तर त्या मला म्हणाल्या, बरं झालं आलात, माझी सून येईलच आता.

मग न्यूरोलॉजिस्ट, एमआरआय, सगळ्या तपासण्या. अल्झायमर. बी-१२ कमी होतं हे खरंच होतं, इंजेक्शन दिलं हेही बरोबरच होतं, पण ते एकमेव कारण नव्हतं. आजार तर तसाही आला असता, पण त्या दीड वर्षात त्यांना कळत होतं, त्यांना काय हवं नको ते त्या सांगू शकल्या असत्या. कुठल्या बँकेत काय आहे, दागिने कुणाला, गावचं घर विकायचं की नाही. आम्ही काहीच विचारलं नाही. त्यांच्या भावाकडे जायचं होतं त्यांना एकदा नाशिकला, ते राहिलं.

तुम्ही इंजेक्शनं नक्की द्या. पण त्याच्या भरवशावर थांबू नका.

ओवी

निशिगंध, वाचून गलबलून आलं. जवळ असते तर येऊन भेटले असते तुम्हाला.

स्टेथोस्कोप

मी निवृत्त फिजिशियन, तीस वर्षं पेठेत दवाखाना होता. या धाग्यावर पर्वतीकर आणि निशिगंध दोघांचं म्हणणं खरं आहे आणि दोन्ही एकाच वेळी कसं खरं ते समजून घेणं फार महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बी-१२ काय करतं ते. होमोसिस्टीनचं मेथिओनीन हे दुसरं अमिनो आम्ल करायला बी-१२ आणि फोलेट (बी गटातलंच जीवनसत्त्व, गोळीतलं फोलिक अॅसिड) दोघं लागतात. त्या मेथिओनीनपासून पुढे जे बनतं ते नसांवरचं आवरण, मायलिन, टिकवायला लागतं. विजेच्या वायरीवरचं प्लास्टिक गेलं की काय होईल तसं समजा. म्हणून मुंग्या, तोल जाणं, पायाखाली कापूस, आणि मेंदूतही तेच, म्हणजे विचार मंदावणं, लक्ष न लागणं, चिडचिड, उदासी. लिव्हरमध्ये बी-१२ चा साठा काही वर्षं पुरेल एवढा असतो त्यामुळे कमतरता सावकाश येते आणि घरच्यांना कळतही नाही. रानजाईंच्या आईकडे तर दारं सगळीकडून बंद झाली होती. आहारात नाही, अन्नातून बी-१२ सुटं करायला पोटातलं आम्ल लागतं ते पित्ताच्या गोळीने कमी, आणि लहान आतड्याच्या शेवटी जिथे शोषलं जातं तिथे मेटफॉर्मिन अडथळा आणतं. गोळ्या मनाने बंद करू नका हं कुणी, पण चार-पाच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या प्रत्येकाचं बी-१२ वर्षातून एकदा बघायलाच हवं, आणि पित्ताची गोळी खरंच अजून हवी आहे का हे डॉक्टरांना विचारायला हवं. कितीतरी लोक आठ दिवसांसाठी दिलेली गोळी आठ वर्षं घेत असतात.

आता मुख्य मुद्दा. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, आसपासची खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग मिळून ४४१ पुरुष. त्यातल्या ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं, ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन १५ च्या वर. आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! म्हणजे तुमच्या आमच्या घरातले. ही सगळी चालतीबोलती, कामाला जाणारी, मध्यमवयीन माणसं होती, विसरभोळी म्हणून निवडलेली नव्हती.

याचा अर्थ काय होतो बघा. पुण्यात विसरणाऱ्या दहा आजी-आजोबांचं रक्त तपासलं तर निम्म्याहून जास्त लोकांचं बी-१२ कमी निघणारच, ते विसरत नसते तरी निघालंच असतं. ज्या गावात सगळ्यांच्या अंगणात तुळस आहे तिथे चोरी झालेल्या घरात तुळस सापडली म्हणून काय कळलं? तेव्हा कमी आकडा दिसला की उपचार करायचेच, त्यात वादच नाही, पण कारण सापडलं असं म्हणायची घाई नको. माझ्याच दवाखान्यात सुरुवातीच्या वर्षांत मी ही घाई केलेली आहे आणि एका कुटुंबाचा मोलाचा वेळ त्यात गेला, ते मी विसरलेले नाही.

पर्वतीकरांच्या सासऱ्यांकडे बघा, मुंग्या, तोल, कापूस, सगळं काही महिन्यांत आलं असणार. हे चित्र बी-१२ चंच आहे. निशिगंधच्या सासूबाईंचं हळूहळू, आधी ताज्या गोष्टी जाणं, मग ओळखीचा रस्ता हरवणं, हे अल्झायमरचं. रानजाईंच्या आईत मला दोन्हीकडची चिन्हं दिसतायत. म्हणून इंजेक्शन चालू ठेवून लगेच न्यूरोलॉजिस्ट किंवा मेमरी क्लिनिक. तिथे घड्याळ काढायला लावतात, शब्द लक्षात ठेवायला देतात, आकडे वजा करायला लावतात. गणिताच्या बाई वजाबाकी पटापट करतील, त्यावरून सगळं ठीक आहे असं समजू नका, जुनं मुरलेलं सगळ्यात शेवटी जातं. सोबत थायरॉईड, सोडियम, मेंदूचा स्कॅन, आणि कानांची तपासणी. आणि मन उदास आहे का ते कुणीतरी त्यांना एकटीला बसवून विचारा.

कोडवाला (हिंजवडी)

वय ३४, माझं बी-१२ १४० आहे, मीटिंगमध्ये शब्द आठवत नाहीत, मला पण पुढे डिमेन्शिया होणार का? रात्री दोन वाजता वाचतोय हे सगळं.

स्टेथोस्कोप

कोडवाला, रात्री दोनला जागा असशील तर शब्द आठवणार नाहीतच. बी-१२ भरून काढ डॉक्टरांना विचारून, झोप पुरी कर, आणि तीन महिन्यांनी सांग कसं वाटतंय. चौतिसाव्या वर्षी त्या शब्दाला घाबरू नकोस.

तुळशीवृंदावन

हे सगळं वाचून असं वाटतंय की शाकाहार म्हणजे मेंदूला धोका. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार आहे, आजी ९४ व्या वर्षापर्यंत ज्ञानेश्वरीच्या ओव्या म्हणायची. तिला कुठलं इंजेक्शन होतं?

टेस्टट्यूब

नाही हो, धोका असं कुणीच म्हटलं नाहीये. बी-१२ वनस्पतीत तयार होत नाही एवढंच. ते जिवाणू बनवतात, गाईच्या पोटात बनतं आणि दुधात येतं. तुमच्या आजी दूध-दही-ताक भरपूर घेत असणार, घरची गाय असेल कदाचित. कपभर दुधात साधारण १ मायक्रोग्रॅम मिळतं आणि मोठ्या माणसाला दिवसाला सव्वादोन-अडीच लागतं. म्हणजे दोन-तीन कप दूध किंवा दही रोज, आणि आपण घेतो चहातलं अर्धा वाटी, ताक तर एक वाटी दह्यात तांब्याभर पाणी. खूप वेळ उकळत ठेवलं की त्यातलंही थोडं जातं. इडली-ढोकळा आंबवल्याने बी-१२ मिळतं हे ऐकतो नेहमी, त्याच्यावर विसंबू नका. स्पिरुलिनामधलं तर आपल्या शरीराला चालतच नाही, टेस्टमध्ये दिसतं फक्त. मासे खाणाऱ्यांचं सोपं आहे, बांगड्याच्या एका तुकड्यात दिवसाचं भागतं. अंड्यातून अर्धा मायक्रोग्रॅम.

आणि इथे शाकाहार सोडायचा विषयच नाही, गोळी असते साधी. फक्त साठीनंतर पोटातलं आम्लच कमी झालेलं असतं बऱ्याच जणांचं, त्यामुळे मांसाहारी लोकांतही कमतरता निघते.

तुळशीवृंदावन

बरोबर आहे तुमचं, आजीकडे दोन गाई होत्या, सकाळी धारोष्ण दूध पेलाभर प्यायची. मी मात्र दहा वर्षं दुधाशिवाय आहे. करते टेस्ट.

जुनीपाने

थोडं अवांतर, पण राहवत नाही म्हणून लिहितो. फोलेटची गोष्ट आपल्या मुंबईतून सुरू झाली हे किती जणांना माहीत आहे? १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना भयंकर पंडुरोग व्हायचा, त्याचं कारण शोधायला. त्यांना दिसलं की गरीब बायकांच्या जेवणात काहीतरी कमी आहे, आणि यीस्टचा अर्क दिला की रक्त सुधारतं. तो घटक म्हणजे पुढे फोलिक अॅसिड. आणि ते प्रयोगशाळेत बनवलं १९४५ च्या सुमारास अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या लोकांनी, म्हणजे तिथेही आपलाच माणूस. बी-१२ च्या रेणूची रचना डोरोथी हॉजकिन यांनी उलगडली, १९६४ चं नोबेल, आणि त्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू बसलेला असतो म्हणून नाव कोबालामिन. गिरणगावातल्या त्या बायकांची नावं कुठेच नाहीत याचं मला फार वाटतं.

स्टेथोस्कोप

जुनीपाने, अजिबात अवांतर नाही. फोलिक अॅसिडबद्दल सांगायचंच होतं. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक अॅसिड दिलं तर रक्त सुधारतं, हिमोग्लोबिन वाढतं, सगळे खूश, आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. म्हणून मेडिकलमधून मनाने ताकदीच्या गोळ्या आणू नका. बी-६ चंही तसंच, महिनोन्‌महिने मोठ्या डोसमध्ये घेतलं तर त्यानेच हातापायांना मुंग्या येतात.

बी गटातल्या बाकीच्यांचाही मेंदूशी संबंध आहे. बी-१ कमी पडून दारू पिणाऱ्यांना होतो तो वर्निके-कोर्साकोफ, त्यात माणूस नवीन काही लक्षातच ठेवू शकत नाही आणि मधल्या रिकाम्या जागा मनाने भरतो, घरच्यांना वाटतं खोटं बोलतोय. बी-३ ची कमतरता म्हणजे पेलाग्रा, अंगावर चट्टे, जुलाब आणि बुद्धिभ्रंश. आपल्या दख्खनमध्ये नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांत तो दिसायचा, हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या आसपास ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिनशी (हेही एक अमिनो आम्ल) त्याचा संबंध जोडला होता. भाकरी सोडू नका लगेच, सोबत डाळ, भाजी, दूध असेल तर काही होत नाही.

पर्वतीकर

डॉक्टरीणबाई, एक शंका. ज्यांचं बी-१२ नॉर्मल आहे त्यांनी विसरायला होऊ नये म्हणून आधीपासून घ्यावं का? आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये सगळे जण घेतात, एक जण तर गल्फमधून मोठ्या बाटल्या आणतो.

स्टेथोस्कोप

चांगला प्रश्न. यावर बरंच संशोधन झालंय आणि ते थोडं उलटसुलट आहे.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅमच्या लोकांवर २००२ मध्ये आलेला अभ्यास, १०९२ ज्येष्ठ, ज्यांचं होमोसिस्टीन १४ च्या वर त्यांना अल्झायमर व्हायचं प्रमाण जवळजवळ दुप्पट. सगळ्यांना वाटलं मग होमोसिस्टीन खाली आणलं की झालं. तर २००८ मध्ये आधीच अल्झायमर असलेल्या ४०९ जणांना दीड वर्ष मोठे डोस दिले, होमोसिस्टीन उतरलं पण घसरण थांबली नाही. या लोकांचं बी-१२ मुळात नॉर्मल होतं हे लक्षात ठेवा. हॉलंडमध्ये २९१९ ज्येष्ठांना दोन वर्षं बी-१२ आणि फोलिक अॅसिड दिलं, स्मरणशक्तीत म्हणावा असा फरक नाही.

आणि मग ऑक्सफर्डचा, २०१० चा. सत्तरीच्या पुढचे, विसरायला नुकतीच सुरुवात झालेले पण डिमेन्शिया नसलेले. दोन वर्षं फोलिक अॅसिड, बी-१२, बी-६ दिलं आणि १६८ जणांचे एमआरआय आधी आणि नंतर ताडून पाहिले. मेंदू आकसायचा वेग औषध न घेणाऱ्यांत वर्षाला १.०८ टक्के, घेणाऱ्यांत ०.७६. ज्यांचं होमोसिस्टीन सुरुवातीला १३ च्या वर होतं त्यांच्यात वेग निम्म्यावर आला. आणि पुढे त्याच लोकांच्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्या रक्तात ओमेगा-३ चांगलं होतं त्यांनाच जास्त फायदा.

मी यातून असं समजते की जिथे खरी तूट आहे आणि वेळ अजून गेलेली नाही तिथे उपयोग आहे, भरलेल्या घागरीत आणखी ओतून काही नाही. तुमच्या ग्रुपला सांगा, बाटल्या आणण्याआधी एकदा रक्त तपासा. पुणेकरांची घागर बहुतेक वेळा अर्धीच असते म्हणा.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, त्यात मधुमेह, रक्तदाब, कमी ऐकू येणं, नजर अधू होणं, एकटेपणा, कोलेस्टेरॉल, हवेचं प्रदूषण हे सगळं आहे, बी-१२ नाही. म्हणून रानजाई, आईच्या कानांचं मनावर घ्या.

रानजाई (कर्वेनगर)

साडेतीन महिन्यांनी धागा वर काढतेय, खूप जणांनी मेसेज करून विचारलं.

होमोसिस्टीन ३८ आलं होतं. मेमरी क्लिनिकला गेलो, दादा यायला तयार नव्हता, शेवटी आला. आईला घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. आकडे सगळे उजव्या बाजूला गोळा झाले. ती कागदाकडे बघत राहिली, खोडायला रबर मागितलं, परत काढलं, परत तसंच. ७ वजा करत जा म्हटल्यावर मात्र थांबेचना, त्या डॉक्टर म्हणाल्या पुरे बाई. बाहेर आल्यावर दादा काही बोलला नाही, खाली जाऊन गाडीत बसून राहिला बराच वेळ. त्या दिवसापासून रात्रीची तिची औषधं तोच देतो.

एमआरआयमध्ये बारीक रक्तवाहिन्यांमुळे झालेले बदल दिसलेत, बीपी आणि शुगरचे. हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला नव्या आठवणी साठवणारा भाग, वयाच्या मानाने थोडा लहान आहे. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले आत्ता डिमेन्शिया असं नाव देत नाही, त्याच्या अलीकडची पायरी आहे, बी-१२ पूर्ण भरू द्या आणि सहा महिन्यांनी परत तीच टेस्ट करू, मग कळेल त्यातलं किती बी-१२ चं होतं. पित्ताची गोळी हळूहळू बंद केली. कानाचं मशीन घेतलं, पहिले पंधरा दिवस कपाटातच होतं, आता सकाळी चष्म्याबरोबर लावते. ते लावायला लागल्यापासून बडबड वाढलीये तिची, मला कळलंच नव्हतं की ती गप्प झाली होती.

फरक काय पडला ते प्रामाणिकपणे सांगते. मुंग्या गेल्या. दुपारी तासन्‌तास पडून राहायची ते बंद झालं. तिथी परत सांगायला लागली, परवा शेजारच्या काकूंना चंद्रोदयाची वेळ मिनिटासकट सांगितली, मी आत जाऊन कॅलेंडर बघितलं, बरोबर होती. पण एकच प्रश्न दोन-तीनदा विचारणं अजून आहे. काल कोण येऊन गेलं ते आज सांगता येत नाही.

निशिगंध, तुमचं वाचून मी एक केलं. एका रविवारी आईजवळ बसून वही काढली आणि तिला काय काय हवंय ते विचारलं. मला वाटलं होतं रडारड होईल. तिने शाळेतल्यासारखे मुद्दे घातले, १, २, ३. बँका, लॉकर, मामाचं काय देणं आहे ते. सातव्या मुद्द्याला म्हणाली, मला एकदा पैठणला जायचंय. पुढच्या महिन्यात जातोय, दादा सुट्टी काढतोय.

निशिगंध

रानजाई, तुम्ही विचारलंत, किती बरं केलंत. साबा आता फारसं बोलत नाहीत, पण कुणी बाई शेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या की त्याही सोलायला लागतात. मी गुरुवारी दुपारी मोकळी असते. चालत असेल तर त्यांना घेऊन येऊ का तुमच्याकडे?

रानजाई (कर्वेनगर)

या ना, नक्की या. मटार आणून ठेवते. चारला आई चहा करते, सध्या सगळ्यांना अर्धा कप दूध घालूनच देतेय, आधीच सांगून ठेवते.